खारातला मासा आणि घरातले रोप



एका पाण्यावर दोन पिके घ्यायची, एक माशाचे आणि एक पाल्याचे, ही गोष्ट अलीकडे शहरातल्या घरांतून बोलली जाऊ लागली आहे. खाली टाकी, टाकीत मासे, वर खडी भरलेले ताट, ताटात पालक नाहीतर पुदिना, आणि खालचे पाणी वर चढवणारा एक छोटासा पंप. माशांची विष्ठा रोपांना खत होते, रोपे पाणी निवळून परत माशांना देतात. ॲक्वापोनिक्स हे तिचे परदेशी नाव. नाव ऐकले की आपल्याला वाटते, हे काही अगदी नवे, साहेबी खूळ असावे.

तर आज आपण या कल्पनेचा इतिहास थोडा उलगडून पाहू. तो बराचसा आपल्याच दारातला आहे. आणि हा इतिहास एक गोष्ट फार स्पष्ट सांगतो. मासा आणि रोप या दोघांच्या भागीदारीत एक तिसरा भागीदार असतो. तो पुढे येत नाही, वाटा मागत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो. आणि त्याचा विसर पडला की दोन्ही पिके हातची जातात.

प्रथम पनवेलकडे चला. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी बेलपाडा नावाचे गाव आहे. आज त्याच्या भोवती इमारतींचे रान उठले आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली, तिच्या एका स्थानकाला या गावाचे नाव आहे. पण पनवेलच्या खाडीकाठचा हा सारा मुलूख मुळात भाताचा, मिठाचा आणि मासळीचा. मिठाच्या आगरावरून ज्यांना आगरी म्हणतात ते आगरी आणि खाडीवरचे कोळी, यांचे पोट या तिन्हींवर चाले.

खाडीलगतच्या जमिनीला आपण खार म्हणतो. भरतीचे पाणी आत आले तर तेथे भात होत नाही. म्हणून माती, दगड आणि पेंढा घालून बाहेरून बांध घालायचा आणि बांधात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे पाण्याचे दार. भरती चढली की ते मिटते, ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर जाते. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन काढते, आणि मग मोड आणलेले बी फेकून रहू पद्धतीने भात करायचे. काळारता १-२४, भुरारता ४-१० ही मीठ सोसणाऱ्या भातांची नावे जाणत्या शेतकऱ्यांच्या कानावर असतील. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती काढल्या.

आता याच पाण्यातला दुसरा वाटा पाहा. पहिला जोराचा पाऊस झाला की मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओहोळांतून खाचरांत येतात. यालाच आपण वलगण म्हणतो. उघाडीतून कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या आत शिरतात. भाताच्या चुडांमध्ये मासा फिरतो, किडे खातो, चिखल ढवळतो, त्याची घाण तिथेच जिरते. पेण-अलिबागच्या खारेपाटात तर घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत आहे. खाडीतून लहान पिल्ले आणून तळ्यात सोडायची आणि मोठी झाली की सणासुदीला, पाहुण्याला काढायची. भात आणि मासा असा हा दुहेरी संसार, कुणी शाळेत न शिकवता चालत आलेला.

या संसारातला तिसरा भागीदार कोण? बांध राखणारे हात. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली तर सकाळपर्यंत शेते खारट होतात आणि पुढचे दोन-तीन पावसाळे ती नीट पिकत नाहीत. म्हणून खांड पडल्याची हाक आली की सारा गाव टोपल्या घेऊन धावे. जुन्या काळी ज्याने बाहेरचा बांध घातला त्याला शिलोत्री मिळे, म्हणजे बांधाच्या दुरुस्तीसाठी धान्याचा वाटा. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ साली निघाले, त्यात या शिलोत्रीची माहिती आहे. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला आणि बांधांचे काम सरकारी खात्याकडे आले. बांध पक्के होऊ लागले, हे चांगलेच झाले. पण बांध खात्याचा झाला तशी खांड बुजवायला धावण्याची गावाची सवयही हळूहळू मोडली.

गोव्यात हीच गोष्ट आणखी ठळकपणे घडली. तिकडे या जमिनींना खाजन म्हणतात, उघाडीला मानस म्हणतात, आणि कोरगुट हे तिथले मीठ सोसणारे भात. गावकरी संस्था बांध राखत, आणि मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव करीत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही देखरेख कुळांच्या संघटनांकडे गेली. भातापेक्षा मासळीला पैसा जास्त मिळू लागला, तेव्हा काही ठिकाणी भरतीचे खारे पाणी हवे तेव्हा आत घेतले जाऊ लागले. मासळी वाढली, भात बसले, आणि मग पडीक शेतांचे बांध कोण राखणार? बांध गेले तशी मासळीचीही शाश्वती उरली नाही. एका पिकाचा लोभ धरला आणि दोन्हींचे नुकसान झाले.

हा अनुभव आपल्याच किनाऱ्याचा आहे असे मात्र नाही. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातल्या थडग्यांत भातखाचरांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत, त्यांत मासे दाखवलेले आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांची जुनी रीत. त्या देशातल्या चिंगत्येन तालुक्यातली भात-मासा शेती २००५ साली जागतिक कृषी-वारसा म्हणून निवडली गेली.

पण खाचरातला हा खेळ घरात, चार भिंतींच्या आत कसा आला? त्यासाठी लंडनला जावे लागेल. तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुमारे ५५ लिटरचे काचेचे पात्र घेतले, ते अर्धे भरले, त्यात वाळू-माती घातली, दोन लहान सोनमासे सोडले आणि पाण्यात वाढणारी एक वनस्पती लावली. मासे वनस्पतीला पोसतील आणि वनस्पती माशांना प्राणवायू देईल, असा हिशेब. थोड्याच दिवसांत जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्या कुजका पाला खाऊ लागल्या आणि पात्र स्वच्छ राहू लागले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. पाहिलेत ना? दोघांचे भागेना, तिसरा आणावा लागला.

पण खरा तिसरा अजून दिसलाच नव्हता. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी वाळू आणि खडू भरलेल्या लांब नळीतून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. पहिले वीस दिवस घाण पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खाली आला. नंतर एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले, म्हणजे पिकांना मानवणारे खत. वाळू तीच, पाणी तेच, मग बदलले काय? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडले. याचा अर्थ, वाळूत काहीतरी जिवंत होते.

या जिवंत वस्तूचा पुढचा माग ज्यांनी काढला त्यांचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. काचपात्रवाल्या वॉरिंग्टनांचे हे चिरंजीव. इंग्लंडमधल्या रोदमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत त्यांनी वर्षानुवर्षे काम करून दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते: अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू वेगळे काढून वाढवण्याचे यश मात्र १८९० साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. बापाने माशाचे भांडे मांडले, आणि त्या भांड्याचे गुपित मुलाने शेतातल्या मातीत शोधले, असा हा योग.

पुढची वाट लवकर सरते. मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर रोपे वाढवण्याला कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनी १९३७ साली हायड्रोपोनिक्स हे नाव दिले. आपल्याकडे १९४६ च्या सुमारास कालिंपाँगला शोल्टो डग्लस यांनी असेच प्रयोग केले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात मॅकमर्ट्री यांनी माशांच्या टाकीचे पाणी वाळूच्या वाफ्यांत सोडून परत टाकीत घेतले. सेंट क्रॉय बेटावर राकोसी यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यांवर पालेभाज्या वाढवून त्याचे हिशेब बसवले. तेच हिशेब आज घरोघरचे हौशी लोक वापरतात.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, पण घरी मांडायचे कसे? ऐका. दीडशे ते दोनशे लिटरचे पीप घ्या. त्यात पूर्वी औषध किंवा रसायन नव्हते याची खात्री करा. वर एक वीतभराहून अधिक, साधारण एक फूट खोल असे ताट ठेवा आणि त्यात काळ्या दगडाची स्वच्छ धुतलेली बारीक खडी भरा. चुनखडी किंवा शिंपल्याची खडी नको. दगडावर व्हिनेगर टाकून पाहा, फेस आला तर तो दगड नको. पंप असा घ्या की तासाभरात टाकीतले सारे पाणी एकदा वर जाऊन खाली यावे. आणि वजनाचे भान ठेवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तेवढीच खडी दीडशे किलोंच्या आसपास. हे ओझे भिंतीलगत जमिनीवर ठेवा, सज्जात नव्हे. खोलीत उजेड पुरेसा नसेल तर रोपांवर दिवसाचे बारा तास दिवा लागतो.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरा. आणि यापुढचे पथ्य सर्वांत अवघड: लगेच मासे भरू नका! आधी चिमूटभर माशांचे खाद्य रोज टाकून कुजू द्या. चार ते सहा आठवड्यांत खडीवर जिवाणू वस्ती करतात. मासे विकणाऱ्या दुकानांत पाणी तपासण्याचे संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागले म्हणजे आपला तिसरा भागीदार कामावर हजर झाला. मग आठ-दहा लहान मासे सोडा. पाच मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्या. पाणी फार आंबट होऊ लागले तर शिंपल्यांची छोटी पुरचुंडी पाण्यात बांधा. कोवळी पाने पिवळी पडली तर बहुधा लोह कमी आहे. वीज गेली तर मासे काही तासांतच तडफडू लागतात, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्या. आफ्रिकी मांगूर मात्र आणू नका. त्याच्या पालनाला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. आणि टाकीतला कोणताही परका मासा ओढ्या-तळ्यात सोडू नका.

यातून मिळते किती, हेही खरेपणाने सांगितले पाहिजे. राकोसींच्या हिशेबाने तराफ्याच्या एका चौरस मीटरला दिवसाला ६० ते १०० ग्रॅम माशांचे खाद्य लागते. आपल्या पिपात एक किलो मासे असले तर ते दिवसाला सुमारे २० ग्रॅम खातात. म्हणजे तेवढ्यावर जेमतेम एकपंचमांश ते एकतृतीयांश चौरस मीटर भाजी पोसते. घरची कोथिंबीर-पुदिना निघेल, अधूनमधून पालकाची जुडी निघेल. यावर संसार चालेल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आणि इथेच बेलपाड्यासारख्या गावांची आठवण ठेवायला हवी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी शेतकरी झगडले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. शहर उभे राहिले, खाचरे गेली. खोलीतली टाकी त्या खाचरांची भरपाई करू शकत नाही. पण खाचर कशाने चालत होते, हे ती मुलांना डोळ्यांपुढे दाखवू शकते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत अशी एक टाकी जरूर मांडा. पहिले महिनाभर काही घडताना दिसणार नाही, मुले कंटाळतील. त्यांना रोज पाणी तपासून फळ्यावर आकडे लिहायला लावा. आकडे बदलतील त्या दिवशी धडा आपोआप होईल. आणि त्याच वर्षी मुलांना घेऊन पेण, अलिबाग किंवा उरणकडची एखादी चालती उघाडी दाखवून आणा. ज्यांनी स्वतः उघाडी सांभाळली, खांड बुजवली, असे म्हातारे आजही गावोगाव आहेत. कोणत्या तिथीला उधाण केवढे, कोणत्या पावसाला वलगण चढते, कोणता मासा कुठल्या चोंढ्यात सापडतो, हे त्यांना विचारून वहीत उतरवून घ्या. टाकी बिघडली तर पुन्हा मांडता येते. ही माहिती सांगणारे माणूस गेल्यावर ती पुन्हा मिळणार नाही.