मोजताना बोलायचं नाही

सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद... आणि दारावर गॅसवाला आला. रिकामं सिलेंडर बाहेर ठेवा म्हणाला, मी ‘हो’ म्हणाले आणि आकडा गेला. ओळ पहिल्यापासून मोजली तेव्हा कळलं की घोळ या ओळीत नाहीच, खालच्या ओळीत आहे. राजाच्या पायाशी एक टाका जास्त पडलाय. दोन ओळी उसवल्या. जवळजवळ अडीचशे टाके, म्हणजे कालची संध्याकाळ.

पलीकडे खाटेवर बसलेली आत्या हसली. “म्हतलं होतं ना तुले, मोजतानी बोलाचं नाई.”

आम्ही खामगावला राहतो. गेल्या दिवाळीपासून मी क्रोशाचं एक पांघरूण विणते आहे. त्यावर फुलं नाहीत, वेलबुट्टी नाही. एक राजा आहे, त्याच्या हातात तलवार आहे आणि खांद्यावर प्रेत. ‘चांदोबा’ वाचलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. आडवे १६० टाके, उभ्या २४० ओळी, एकूण ३८,४०० टाके. ग्राफवरच्या एका चौकोनाला एक मुका खांब. एक ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, पुढची डावीकडून उजवीकडे, शेतात औत फिरतं तसं. मध्ये कुणाशी बोललं की आकडा जातो आणि मागे यावं लागतं.

हा नियम आत्याच्या कितीतरी आधी त्या राजालाच घालून दिलेला होता. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. आणि बोलला तर मौन मोडलं, वेताळ पुन्हा झाडावर. विणताना या अटीचा मला रोज अनुभव येतो, म्हणून ही गोष्ट आणि हे विणकाम दोन्ही आमच्या घरापर्यंत कुठून आली ते शोधत गेले.

*

गोष्ट तशी फार लांबून आलेली नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. त्यातला राजा उज्जैनचा नाही. त्याचं नाव त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाहून जालन्यामार्गे सहज जाऊन यावं इतकं जवळ. सोमदेवाने ज्या ग्रंथाचा आधार सांगितला ती गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ही परंपरेने पैठणच्या सातवाहन राजाशी जोडलेली. आख्यायिका अशी, की पैशाची भाषेतला तो ग्रंथ राजाने नाकारला. गुणाढ्य रानात गेला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत राहिला. सात लाख श्लोकांपैकी एक लाख तेवढे वाचले. आपल्याकडे आलेली गोष्ट म्हणजे जळून उरलेला सातवा हिस्सा, असं ही आख्यायिकाच सांगते.

पुढे या कथा देशभर फिरल्या. ब्रज-हिंदीत ‘बैताल पचीसी’ झाली. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ केली, तीही १८३० साली, छापील मराठी पुस्तकं मोजकीच असताना. रिचर्ड बर्टनचं इंग्रजी पुस्तक १८७० साली आलं. आणि १९४७च्या जुलैत मद्रासमध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये एक मुलांचं मासिक काढलं. त्याची मराठी आवृत्ती, ‘चांदोबा’, १९५२ साली सुरू झाली. मूळच्या पंचवीस कथा लवकरच संपल्या, पण वेताळ काही थांबला नाही. नव्या कथा लिहून घेतल्या गेल्या आणि मालिका दशकानुदशकं चालली. राजा दर महिन्याला झाडाकडे जायचा, दर महिन्याला हरायचा.

ते चित्र के. सी. शिवशंकरन यांचं. मासिकात ते ‘शंकर’. खांद्यावरच्या प्रेताच्या भाराने किंचित कललेला, तरी ताठ चालणारा राजा दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. चित्रकाराचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत. शंकर २०२०च्या सप्टेंबरात गेले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच यादीत पिंगुळीचे परशुराम गंगावणे होते, चित्रकथी परंपरेचे. एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची ती परंपरा, आणि तिच्या जुन्या चित्रांच्या शैलीला नाव पडलंय ‘पैठण शैली’.

*

क्रोशाचं मूळ मात्र इथलं नाही. आजी-पणजींच्या पेटाऱ्यात निघतो म्हणून आपण त्याला जुना समजतो, पण छापील नमुने पहिल्यांदा दिसतात ते १८२०च्या दशकात, एका डच मासिकात. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं आणि दुष्काळ पडला, तेव्हा हजारो घरं या एका वाकड्या टोकाच्या सुईवर तगली. भांडवल काय लागतं? सुई आणि दोरा. यंत्राची भीती नाही, कारण खरा क्रोशा आजही हातानेच होतो. त्याच दशकात, १८४४च्या सुमारास, आंध्रात नरसापूरला मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी जोडप्याने बायकांना लेस विणायला शिकवलं. तिथे पुढे मोठा धंदा उभा राहिला. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माल परदेशात जातो, व्यापारी श्रीमंत होतो, पण दिवसाचे सहा-आठ तास विणणारी बाई कामगार म्हणून मोजलीच जात नाही. ती ‘घरी बसून फावल्या वेळात’ काहीतरी करते, असं सगळे धरून चालतात. तीही तसंच म्हणते.

महाराष्ट्रात क्रोशा आला तो मिशनच्या शाळा, मुलींच्या शाळा, शिवणवर्ग आणि नंतर बायकांची मासिकं अशा वाटांनी. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांत शिवण-भरतकाम हे बाईला चार पैसे मिळवून देणारं शिक्षण होतं. पण मध्यमवर्गीय घरात शिरल्यावर त्यातले पैसे गळाले आणि वळण तेवढं उरलं. मान खाली, हात चालू, तोंड बंद. मुलगी क्रोशा घेऊन बसली की घर निश्चिंत.

खामगावात राहून दोऱ्याविषयी लिहायचं तर कापूस टाळता येत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ इतकी महत्त्वाची, की १८७० साली जलंबपासून इथवर खास रेल्वेचा फाटा आला आणि त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. बर्टनचा वेताळ लंडनमध्ये छापला गेला तेच हे साल. इथून गाठी निघायच्या, आणि क्रोशाचा चकचकीत दोरा यायचा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावाहून. आपल्या कोयरीला इंग्रजीत त्याच गावाचं नाव पडलंय, कारण तिथल्या मागांवर काश्मिरी शालींच्या नकला विणल्या जात. तसा दोरा लांब धाग्याच्या कापसाचा. आमचा कापूस आखूड धाग्याचा. म्हणजे कापसाच्या गावातल्या बाईच्या हातात जो दोरा होता, तो तिच्या गावच्या कापसाचा नसायचाच.

*

आत्या क्रोशा शिकली शाळेतल्या बाईंकडून, सातवीत. चौकटीची गणिताची वही, त्यात पेन्सिलने भरलेले चौकोन. भरलेल्या चौकोनाला खांब, रिकाम्या चौकोनाला साखळी. पांढऱ्या दोऱ्यात एवढ्यावरच मोर, हरीण, राधाकृष्ण, काय वाटेल ते उभं राहतं. शेगाव स्टेशनवरच्या स्टॉलवरून आजोबा ‘चांदोबा’ आणायचे, भावंडांसाठी. सगळ्यांचा वाचून झाला की तो आत्याकडे यायचा. एका उन्हाळ्यात तिने शंकरचं ते चित्र चौकटीच्या वहीत उतरवलं आणि रेडिओवर घालायला रुमाल विणायला घेतला. राजा पूर्ण झाला, प्रेत पूर्ण झालं, झाडाच्या फांद्या सुरू होत्या. आजीने पाहिलं. दिवेलागणीला घरात भूत नको, म्हणाली. आत्याने टोक ओढलं.

क्रोशाचं हे एक आहे. सगळं विणकाम एकाच धाग्याच्या एकाच फाशावर उभं असतं. शेवटचा फासा सोडून ओढत राहिलं की महिन्याभराचं काम चहा उकळेपर्यंत नुसता दोरा होऊन बसतं. त्याच दोऱ्याचा आत्याने मोर केला. तो मोर वीस वर्षं आमच्या रेडिओवर होता. मी लहानपणी त्याच्या पिसाऱ्यात बोटं घालून खेळले आहे. त्याच्या आधी त्या दोऱ्यात कोण होतं ते मला गेल्या वर्षी कळलं. तेही सहज, वांगी चिरता चिरता.

आत्याने पुढे कितीतरी विणलं. तोरणं, रुमाल, टेबलक्लॉथ. त्यातलं बहुतेक रुखवतात गेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लग्नात नवरीकडून मांडलेल्या रुखवतावर चिठ्ठी असते, ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या हातचं’. ते कोणाच्या हातचं असतं हे मांडणाऱ्यांना ठाऊक असतं, पाहणाऱ्यांनाही ठाऊक असतं. अर्धी गल्ली विणते, एक नाव लागतं. माझ्या रुखवतात क्रोशाचे नऊ नग होते आणि नवांवर माझं नाव. मला त्या वेळी साखळीसुद्धा धड घालता येत नव्हती. सासरच्या बायकांनी हात धरून कौतुक केलं. मी गप्प राहिले. आत्या मांडवात पाहुण्यांना सरबत देत होती.

*

पंचविशीत सुरुवातीलाच एक कथा आहे मंदारवतीची. एक मुलगी, तिला मागणी घालणारे तिघे. मुलगी मरते. एक जण तिची रक्षा अंथरून स्मशानातच राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा रानोमाळ भटकून मंत्र मिळवतो आणि तिला उठवतो. वेताळ विचारतो, ती कोणाची? राजा म्हणतो, जीव देणारा बापाच्या जागी, अस्थी नेणारा मुलाच्या जागी. जो राखेपाशी थांबला, तो नवरा.

या पांघरुणावरचं चित्र कोणाचं, असं मला कुणी विचारलं तर? गोष्ट पैठणची म्हणा, काश्मीरची म्हणा. चित्र शंकरचं. लोकर लुधियानाची. ग्राफ माझा, आणि तोही दुसऱ्यांदा काढलेला, कारण मुका खांब बुटका असतो. चार इंचांत आडवे १६ टाके बसतात, पण उभ्या ओळी २०. साध्या चौकटीच्या वहीवरून विणलं तर राजा दबून खुजा होतो. पहिल्या नमुन्यात झालाच होता. आत्याला आता मोतीबिंदूमुळे टाका दिसत नाही. तिने बोटांनी चाचपून सांगितलं, “राजा बसला वं तुहा. ओळी वाढव.”

तेव्हा मला उत्तर माहीत आहे. पन्नास वर्षांपूर्वी उसवलेल्या चित्रापाशी जी थांबून राहिली, तिचं हे चित्र. आणि राजाला घातलेली अट अशी की उत्तर माहीत असून गप्प राहायचं नाही.

म्हणून परवा मी तिला सांगितलं की खालच्या कोपऱ्यात, चित्रकार सही करतो तिथे, तिचं नाव घालणार. तीन अक्षरं, एक काना, एक वेलांटी. शिरोरेषा चौकोनांत सरळ बसते, वेलांटीची गोलाई त्रास देते, पण जमेल. अडचण एवढीच, की पांघरूण खालून वर विणलं जातंय. ५९ ओळी उभ्या आहेत आणि नावासाठी आठव्या ओळीपर्यंत खाली जावं लागेल. ५१ ओळी, ८,१६० टाके.

“येडी झाली काय?” आत्या म्हणाली. “वरून सुईनं भरून घे ना नाव.”

वरून भरलेलं नाव कुणीही कात्रीच्या टोकाने काढू शकतं, मी म्हणाले. खालच्या ओळीत विणलेलं काढायचं तर आधी राजा उसवावा लागतो, प्रेत उसवावं लागतं, झाड उसवावं लागतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हात पुढे करून तिने लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला.

“वढ,” म्हणाली. “मी गुंडाळतो.”

आमच्याकडे बायकाही ‘करतो, जातो’ असंच बोलतात. मी सुई काढली, फासा सोडला आणि ओढायला लागले. ती गुंडाळत होती आणि बोलत होती, सातवीतल्या बाईंबद्दल, स्टेशनवरच्या स्टॉलबद्दल, आजीबद्दल. उसवताना मोजावं लागत नाही.