संभाजीनगरला मेट्रो आली, तर फुलंब्रीकरांना काय मिळणार?

छत्रपती संभाजीनगरमध्ये निवडणूक जवळ आली की दोन विषय हमखास निघतात. एक पाण्याचा, दुसरा मेट्रोचा. पाण्याची पाइपलाइन निदान रस्त्याच्या कडेला पडलेली दिसते. मेट्रो मात्र अजून कागदावरच आहे. तरीही 'वाळूज ते शेंद्रा मेट्रो' असं लिहिलेला एखादा नकाशा व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला की शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर असलेल्या फुलंब्रीतही प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात.

मग या मेट्रोचं नेमकं घोडं कुठे अडलंय? देशात इतक्या शहरांत मेट्रो धावायला लागली, मग संभाजीनगरलाच का नाही? आणि समजा ती आलीच, तर रोज जळगाव रोडने ये-जा करणाऱ्या फुलंब्रीकराच्या पदरात काय पडेल?

आधी देशाचं चित्र

भारतातली पहिली मेट्रो धावली कोलकात्यात, 24 ऑक्टोबर 1984 रोजी. एस्प्लनेड ते भवानीपूर हा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा टप्पा होता आणि भूमिपूजनापासून तिथपर्यंत यायला जवळपास बारा वर्षं गेली होती. त्यानंतर बराच काळ 'मेट्रो आपल्याकडचं काम नाही' असंच मानलं जात होतं.

हे मत बदललं दिल्लीने. 24 डिसेंबर 2002 रोजी शाहदरा ते तीस हजारी मार्ग सुरू झाला. या प्रकल्पाचे प्रमुख होते ई. श्रीधरन, म्हणजे त्याआधी कोकण रेल्वे बांधून दाखवणारे तेच श्रीधरन. दिल्लीची मेट्रो वेळेत उभी राहतेय आणि लोक ती वापरतायत हे दिसल्यावर प्रत्येक मोठ्या शहराला मेट्रो हवीशी वाटू लागली.

2014 मध्ये देशात पाच शहरांत मिळून 248 किलोमीटर मेट्रो होती. 2025 च्या सुरुवातीला हा आकडा 1000 किलोमीटरच्या पुढे गेला.

महाराष्ट्रात वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली. मग 2019 मध्ये नागपूर, 2022 मध्ये पुणे आणि 2023 मध्ये नवी मुंबई. मुंबईची कुलाबा ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. या यादीत मराठवाड्यातलं एकही शहर नाही.

संभाजीनगरचा प्रस्ताव काय आहे?

या शहराची रचना थोडी वेगळी आहे. एका टोकाला वाळूज एमआयडीसी, जिथे बजाज ऑटो 1980 च्या दशकातच आली आणि तिच्या मागोमाग शेकडो लहान कारखाने आले. दुसऱ्या टोकाला शेंद्रा, जिथे आता ऑरिक ही औद्योगिक नगरी आहे. मधे जुनं शहर, क्रांती चौक, सिडको, चिकलठाणा. या सगळ्यांना शिवणारा धागा एकच, तो म्हणजे जालना रोड. सकाळी आणि संध्याकाळी शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस, रिक्षा आणि दुचाकी याच रस्त्यावर एकमेकांना ढकलत असतात.

म्हणून महामेट्रोकडून शहराच्या वाहतुकीचा एकत्रित आराखडा आणि मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, करून घेण्यात आला. त्यात दोन मार्ग चर्चेत आले. पहिला वाळूज ते शेंद्रा, हे अंतर पंचवीस किलोमीटरहून जास्त आहे. दुसरा रेल्वे स्टेशनकडून निघून सिडको बसस्थानकावरून हर्सूल टी पॉइंटकडे जाणारा.

फुलंब्रीच्या दृष्टीने कामाचा आहे तो दुसरा. हर्सूल टी पॉइंटवरून जळगाव रोड शहराबाहेर पडतो आणि सावंगी, चौका करत फुलंब्रीला पोचतो. म्हणजे मेट्रोचं तोंड फुलंब्रीकडे आहे खरं, पण ती शहराच्या वेशीवरच थांबते.

याच चर्चेत डबलडेकर पुलाची कल्पनाही आली. खाली नेहमीचा रस्ता, वर गाड्यांसाठी उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, सगळं एकाच खांबावर. ही कल्पना हवेतली नाही. नागपुरात वर्धा रोडवर असा 3.14 किलोमीटरचा पूल उभा आहे आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली आहे. पण वर्धा रोड आणि जालना रोड यांत एक फरक आहे. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको इथे उड्डाणपूल आधीच बांधून झालेत. नवा अखंड पूल करायचा तर या जुन्या पुलांचं काय करायचं, हा प्रश्न नकाशावर रेघ ओढून सुटत नाही.

मेट्रो, मेट्रोलाइट आणि मेट्रो निओ

बातम्यांमध्ये सगळ्यालाच 'मेट्रो' म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

कुठली गाडी लागेल हे ठरतं एका आकड्यावरून. गर्दीच्या एका तासात, एकाच दिशेने, किती माणसं जाणार? केंद्राच्या निकषांनुसार हा आकडा 15 हजारांपर्यंत असेल तर मेट्रोलाइट पुरते. ही साधारण ट्रामसारखी, कमी डब्यांची हलकी रेल्वे. आकडा 8 हजारांपर्यंतच असेल तर मेट्रो निओ. नेहमीची मोठी मेट्रो त्याच्या वरच्या गर्दीसाठी.

मेट्रो निओ म्हणजे खरं तर वरच्या विजेच्या तारेवर चालणारी लांबलचक जोडबस. चाकं रबराची, खाली रूळ नाहीत, पण मार्ग स्वतंत्र. त्यामुळे ती सिग्नलला अडकत नाही. संभाजीनगरसाठीही सुरुवातीला निओचंच नाव पुढे होतं. तिला 'मेट्रो' म्हणावं का यावर वाद घालता येईल, पण खर्चातला फरक मात्र वादापलीकडचा आहे.

मुंबईच्या भुयारी मेट्रोला 37 हजार कोटींहून जास्त खर्च आला, म्हणजे एका किलोमीटरला अकराशे कोटींच्या पुढे. नाशिकच्या मेट्रो निओचा अंदाज होता साधारण 33 किलोमीटरसाठी 2092 कोटी, म्हणजे किलोमीटरला 65 कोटींच्या आत. भुयारी आणि रस्त्यावरची अशी थेट तुलना करणं पूर्ण न्यायाचं नाही, तरी आवाका लक्षात येतो.

आता 15 हजार माणसं म्हणजे किती, हे फुलंब्रीच्या स्टँडवर उभं राहून बघू. एका एसटीत 50 माणसं धरली तर तासाला 300 गाड्या सुटायला हव्यात. दर 12 सेकंदाला एक एसटी, तीही एकाच दिशेने! निओची पूर्ण क्षमता भरायची तरी तासाला 160 गाड्या लागतील. फुलंब्रीहून शहराकडे जाणारी गर्दी मोठी आहे, उभं राहून जावं लागतं, काळी-पिवळीत कोंबून बसावं लागतं, सगळं खरं. पण ती या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

घोडं अडलंय कुठे?

केंद्राचं मेट्रो रेल्वे धोरण 2017 मध्ये आलं. त्याआधी शहराने मागणी केली, राज्याने रेटा लावला की काम पुढे सरकत असे. या धोरणाने अटी घातल्या. शहराचा वाहतूक आराखडा तयार हवा. बस, बीआरटी, ट्राम असे स्वस्त पर्याय तपासून ते का पुरत नाहीत हे दाखवायला हवं. वाचलेला वेळ, इंधन, कमी झालेलं प्रदूषण हे सगळं पैशात मोजून प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान 14 टक्के दिसायला हवा. केंद्राची मदत हवी असेल तर खासगी सहभागही कुठल्या ना कुठल्या स्वरूपात लागतोच.

आणि लोकसंख्या. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने तामिळनाडूतल्या कोईम्बतूर आणि मदुराईचे मेट्रो प्रस्ताव परत पाठवले. कारणांमध्ये 20 लाख लोकसंख्येचा निकष होता आणि त्यासाठी आधार धरला होता 2011 च्या जनगणनेचा. त्यावर तामिळनाडूने विचारलं की मग आग्रा, पाटणा, भोपाळला मेट्रो कशी मिळाली? प्रश्न रास्त आहे, कारण त्या शहरांची महापालिका हद्दीतली लोकसंख्याही 2011 मध्ये 20 लाखांच्या खालीच होती.

संभाजीनगरची 2011 ची लोकसंख्या होती पावणेबारा लाख. आज ती कितीतरी वाढलेली आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं, पण कागदावर नवीन जनगणना येईपर्यंत जुनाच आकडा चालतो. कोईम्बतूरचा प्रस्ताव ज्या चाळणीत अडकला, तीच चाळणी इथेही लागली तर उत्तर काय येईल हे वेगळं सांगायला नको.

'घोषणा झाली म्हणजे काम झालं' असं वाटत असेल तर नाशिककडे बघा. 2019 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिथल्या मेट्रो निओला मंजुरी दिली. 1 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात थेट अर्थमंत्र्यांच्या भाषणात तिचं नाव आलं. नाशिकमध्ये पेढे वाटून झाले. त्यानंतर एवढी वर्षं गेली, पण नाशिककर अजून निओत बसलेला नाही.

आली तरी चालते का?

मेट्रो बांधणं एक आणि ती भरणं दुसरं. संसदेच्या स्थायी समितीने 2022 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. अनेक शहरांत प्रत्यक्ष प्रवासी अंदाजापेक्षा खूपच कमी आहेत, असं समितीचं म्हणणं होतं. तेव्हा कोरोनाचा फटका होता हे मान्य केलं, तरी दुखणं तेवढंच नव्हतं.

मुख्य दुखणं स्टेशनबाहेरचं आहे. मेट्रोत 20 रुपये आणि 15 मिनिटं, मग उतरून घरापर्यंत रिक्षाला 60 रुपये, असा हिशोब बसला की माणूस पुन्हा दुचाकी काढतो. धोरणातही हे लिहिलेलं आहे. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत जोडबस, पायवाट, सायकलची सोय राज्याने करायची, असं ते सांगतं. मेट्रोच्या उद्घाटनाला मंत्री येतात, जोडबसच्या उद्घाटनाला कोण येणार?

पैशाचा भार फक्त तिकिटावर नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूरमध्ये 1 एप्रिल 2022 पासून घर-जमिनीच्या खरेदीवर 1 टक्का मेट्रो अधिभार लागतो. 40 लाखांचा फ्लॅट घेतला तर 40 हजार रुपये, मग तुम्ही आयुष्यात एकदाही मेट्रोत बसा किंवा न बसा.

फुलंब्रीच्या वाट्याला काय?

फुलंब्री विधानसभा मतदारसंघात शहराचेही काही वॉर्ड येतात. त्यामुळे इथल्या आमदाराला मेट्रोबद्दल बोलावंच लागतं. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्याचा प्रवास वेगळा आहे. कॉलेजला जाणारी मुलगी, चिकलठाण्याला शिफ्टला जाणारा कामगार, घाटी रुग्णालयात नातेवाइकाला घेऊन निघालेलं कुटुंब, जाधववाडीच्या बाजार समितीत भाजीची वाहनं नेणारा शेतकरी. यातल्या शेवटच्याला मेट्रोचा काडीचा उपयोग नाही, कारण मेट्रोत टोमॅटोचे क्रेट चढत नाहीत.

उरलेल्यांना फायदा होऊ शकतो, पण एका अटीवर. हर्सूल टी पॉइंटला एसटी आणि मेट्रो एकाच छताखाली भेटायला हवी. तिथे उतरून लगेच पुढची गाडी मिळाली तर शहरातल्या कोंडीत जाणारा वेळ वाचेल. नाहीतर आज सिडकोला एकदा गाडी बदलावी लागते, उद्या दोनदा बदलावी लागेल.

मेट्रो थेट फुलंब्रीपर्यंत न्या, अशी मागणीही अधूनमधून होते. नाशिकच्या जुन्या दराने हिशोब केला तरी 20 किलोमीटरसाठी 1300 कोटी लागतात आणि मधे चौक्याचा घाट आहे. दोन गावांमध्ये शेतं असलेल्या अशा अंतरासाठी शहरी मेट्रो बांधत नाहीत. त्यासाठी जगात लोकलसारखी उपनगरी रेल्वे वापरतात. नागपूरहून वर्धा, रामटेक, भंडाऱ्याला असलेल्या रुळांवरूनच मेट्रोसारखी गाडी चालवायची योजना याच विचारातून पुढे आली होती. पण त्यासाठी आधी रूळ लागतात आणि फुलंब्रीला रेल्वेच नाही.

संभाजीनगरला रेल्वे आली 1900 मध्ये, निजामाच्या काळात. ती मनमाड ते जालना अशी आडवी गेली आणि उत्तरेचा भाग कोरडाच राहिला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 174 किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाला मंजुरी दिली. हा मार्ग भोकरदन, सिल्लोड, अजिंठ्यावरून जाईल, म्हणजे फुलंब्रीच्या पुढच्या तालुक्याला स्टेशन मिळेल. गाडी मात्र फुलंब्रीला बगल देऊनच जाणार.

सध्या त्यातल्या त्यात लवकर होण्यासारखी गोष्ट आहे ती बस. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरात 10 हजार इलेक्ट्रिक बस द्यायच्या आहेत आणि त्या शहरांच्या यादीत छत्रपती संभाजीनगरही आहे. त्यातल्या किती बस जळगाव रोडवर शहराबाहेर पडतील, पहिली सकाळी किती वाजता फुलंब्रीहून सुटेल आणि शेवटची रात्री किती वाजता परत येईल, हे ठरवायला डीपीआर लागत नाही. शहर बस आणि एसटी यांनी एकत्र बसून वेळापत्रक करावं लागतं. पुढच्या वेळी कुणी मेट्रोचा नकाशा घेऊन मत मागायला आलं, तर फुलंब्रीकरांनी आधी या वेळापत्रकाबद्दल विचारायला हरकत नाही.