दोन मृत्युपत्रे

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेल्या मराठी माणसांनी पहाडगंजात बिऱ्हाडे थाटली आणि आपल्या मुलांसाठी तेथे मराठी शाळाही चालविली. अशा कुटुंबाचे राहते घर एका प्रांती, तर वाडवडिलांच्या घरातील हिस्सा दुसऱ्या प्रांती असतो. तरुणपणी धाकट्या भावाच्या नावे केलेले मृत्युपत्र ट्रंकेच्या तळाशी पडून राहते. पुढे विवाह होतो, मुले होतात, भाऊही निवर्ततो. कागद मात्र होता तसाच राहतो. मृत्युपत्र केव्हा करावे आणि त्यात किती पुढचे पाहावे, हा प्रश्न मग वारसांच्या वाट्यास येतो. त्याचे उत्तर पुण्यात दहा वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मृत्युपत्रांत सापडते.

पहिले जोतीराव फुले यांचे. 1887 साली, वयाच्या साठीत, त्यांनी ते केले. जोतीराव व सावित्रीबाई यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास आपला मानून वाढविले होते. जातीबाहेरचे दत्तक त्या काळच्या हिंदू कायद्यास मान्य नव्हते. तेव्हा मृत्युपत्र नसते, तर यशवंताचा हक्क टिकणे कठीणच होते. परंतु जोतीराव केवळ त्याचे नाव घालून थांबले नाहीत. यशवंत लायक न निघाल्यास सावित्रीबाईंनी सत्यशोधक मंडळींच्या बहुमताने दुसरा योग्य मुलगा निवडावा, अशी तरतूद त्यांनी केली. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले आणि डाव्या हाताने लिहिण्याची पाळी आली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते निवर्तले, तेव्हा भाऊबंदांनी यशवंताच्या अंत्यविधीच्या हक्कास हरकत घेतली. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरून अंत्ययात्रा चालविली. कागद चोख असला म्हणजे तंटा मुळीच होत नाही, असे नव्हे. पण मृताची इच्छा काय होती, याविषयी संशय उरत नाही.

दुसरे मृत्युपत्र सरदार बाबामहाराज पंडित यांचे. 7 ऑगस्ट 1897 रोजी, म्हणजे मृत्यूच्याच दिवशी, ते झाले. राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटून तीनच दिवस झालेल्या लोकमान्य टिळकांना त्यांनी, दादासाहेब खापर्डे आदींसह, विश्वस्त नेमले. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास, किंवा होऊन न जगल्यास, विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे त्यात म्हटले होते. 1898 च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोनच महिन्यांत गेला. टिळक तेव्हा तुरुंगात होते. दत्तक कोणता, हे मात्र कागदात नव्हते, आणि ते घालण्यास बाबामहाराजांपाशी दुसरा दिवसच नव्हता. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथाचे दत्तविधान झाले. दोन महिन्यांनी ताईमहाराजांनी कोल्हापूरचा दुसरा मुलगा घेतला. वाद इतका चिघळला की 1903 साली टिळकांना शिक्षा झाली. 1904 च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात ते निर्दोष सुटले. परंतु जगन्नाथाचे दत्तक प्रिव्ही कौन्सिलने ग्राह्य धरण्यास 1915 साल उजाडावे लागले. एका दिवसाच्या कागदाने अठरा वर्षे खाल्ली.

त्यानंतर कायदा पुष्कळ स्पष्ट झाला. 1 जानेवारी 1927 पासून केलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रास भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. करणारा शुद्धीवर आहे तोवर ते केव्हाही बदलता वा रद्द करता येते. मात्र एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. ख्रिस्ती वा पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र तिच्या विवाहाने आपोआप रद्द होते; हिंदूचे होत नाही. म्हणजे अविवाहितपणी भावाच्या नावे लिहिलेला कागद पत्नी आणि मुले यांच्या डोळ्यांदेखत कायम राहतो, आणि कायदा त्यालाच मृताची इच्छा समजतो.

जोतीरावांचे शहाणपण म्हणून लक्षात ठेवावयाचे ते इतकेच: त्यांनी मृत्युपत्र प्रकृती धड असताना केले, आणि उद्या परिस्थिती पालटेल हे गृहीत धरून केले. घरात पाळणा हलला, लग्न झाले, कोणी गेले, की ट्रंकेच्या तळाचा तो कागद एकदा उजेडात आणून वाचावा. मृत्युपत्र हे मरणाराचे लिखाण खरे. पण ते दुरुस्त करणे जिवंत माणसालाच शक्य असते.