पहिला घास कुणाचा?

खुर्ची ओढा आणि बसा. टेबलावर पांढरं कापड आहे, मधोमध केळी, बाजूला कॉफीची किटली. तुमच्या ताटलीत आत्ताच एक जॉनीकेक वाढलाय. जॉनीकेक म्हणजे मक्याच्या पिठाचं, तव्यावर भाजलेलं जाडसर धिरडं. समोरचं जोडपं खायचं सोडून ताटलीचे फोटो काढतंय. पलीकडच्या बाई रात्री कुठल्या खोलीत झोपल्या होत्या, ते सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगताहेत. त्या खोलीला सगळ्यात जास्त मागणी असते, कारण पलंग आणि आरशाचं टेबल यांच्यामधल्या जमिनीवर एक बाई मरून पडलेली सापडली होती.

तुम्ही फॉल रिव्हरमध्ये आहात. बोस्टनच्या दक्षिणेला, मॅसॅच्युसेट्समधलं हे जुनं कापडगिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, हे घर राहिलं. १९९६ मध्ये त्याचं 'बेड अँड ब्रेकफास्ट' झालं आणि न्याहारीचा बेत ठरला तो असा: ४ ऑगस्ट १८९२ च्या सकाळी या घरातल्या माणसांनी जे खाल्लं, त्याच्या जवळ जाणारं पाहुण्यांना वाढायचं. मर्डर मिस्ट्री डिनर जगभर होतात. सूप संपतासंपता एखादा नट कोसळतो आणि गोड पदार्थ येईपर्यंत आपण खुनी ओळखायचा. तिथला मेलेला माणूस टाळ्या घ्यायला उठून उभा राहतो. इथे कुणी उठत नाही.

घास हातातच राहू द्या. आता खोलीतून एकेक वस्तू काढू या. फोन गेले. भिंतीवरची बटणं गेली, कारण घरात वीज नाही. रस्त्यावरच्या बऱ्या घरांत गॅसचे दिवे आले आहेत, इथे रॉकेलवर भागवतात. वरच्या मजल्यावरचे नळ गेले. संडास खाली तळघरात. समोरचं जोडपं उठवा, त्या बाईंनाही उठवा. टेबल राहू द्या. पत्ता बदला: आज २३० असलेला घरक्रमांक तेव्हा ९२ होता, सेकंड स्ट्रीट. वार गुरुवार. सकाळचे सात.

आता समोर तिघं बसली आहेत. उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे ते अँड्र्यू बोर्डन. एकेकाळी फर्निचर आणि अंत्यविधीचं सामान विकायचे, आता बँकेचे अध्यक्ष आहेत. पुढे हिशेब झाला तेव्हा मालमत्ता तीन लाख डॉलर्सच्या घरात निघाली. तरीही घर असं, कारण पैसा साठवायचा असतो, दिव्यांत जाळायचा नसतो. शेजारी त्यांची दुसरी बायको ॲबी, वय ६४. तिसरे जॉन मोर्स, अँड्र्यूंच्या पहिल्या बायकोचे भाऊ, म्हणजे घरातल्या मुलींचे सख्खे मामा. कालच आले आहेत. थोरली मुलगी एमा परगावी गेली आहे. धाकटी लिझी, ३२ वर्षांची, अजून खाली आलेली नाही.

तुम्हाला इथे नुसतं बसता येतं, बोलता येत नाही. ताटात बघा. थंड मटण आहे, त्याच मटणाचं पातळ सूप आहे. हे मटण काही दिवसांचं आहे, पोटात घालण्याआधी विचार करा. दोन दिवसांपूर्वी रात्री अँड्र्यू आणि ॲबी दोघांनाही उलट्या झाल्या. काल ॲबी समोरच्या डॉक्टर बोवेनांकडे जाऊन आली. आपल्याला कुणीतरी विष घालतंय, ही तिची भीती. डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. शिळं अन्न खाल्लं की होतंच, हे कुणीही म्हणेल.

स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे ती वाढणारी. तिला नीट बघून घ्या, कारण पाहुण्यांच्या टेबलावर तिचं नाव क्वचित निघतं. ब्रिजेट सलिव्हन, आयर्लंडहून आलेली, पंचविशीतली. बोर्डन मुली तिला 'मॅगी' म्हणतात. मॅगी आधीच्या मोलकरणीचं नाव. माणूस बदललं, हाक तीच ठेवली. आपल्याकडे सुनेचं नाव बदलायची रीत होती, त्यामुळे यात काय गेलं ते वेगळं सांगायला नको. सहा वाजून गेल्यावर ब्रिजेट खाली आली, चूल पेटवली, दूध आत घेतलं, मग हे सगळं रांधलं. तिचंही पोट आज ठीक नाही.

पावणेनऊला मामा नातेवाइकांना भेटायला बाहेर पडतात. लिझी खाली येते, कॉफी आणि एखादं बिस्किट घेते. नऊच्या सुमाराला अँड्र्यू गावात जातात. ॲबी ब्रिजेटला सांगते, आज सगळ्या खिडक्या आतून-बाहेरून धुऊन काढ. ब्रिजेट मागच्या अंगणात जाऊन ओकते, परत येते, बादली आणि ब्रश घेते. ॲबी पाहुण्यांच्या खोलीतल्या उशांना धुतलेले अभ्रे घालायला वर जाते.

तिच्यामागून वर जावंसं वाटेल. जाऊ नका. तिथे काय झालं ते पाहिलेलं एकच माणूस होतं, आणि ते कधी बोललं नाही. तुम्ही डायनिंग रूममध्येच थांबा. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळतंय. बाहेर ब्रिजेट कुंपणापाशी शेजारच्या मोलकरणीशी चार शब्द बोलते. घर गप्प आहे.

पावणेअकराला पुढचं दार वाजतं. अँड्र्यू परतले, पण दाराला आतून तीन ठिकाणी बंदोबस्त आहे. ब्रिजेट खटपट करते, वैतागून काहीतरी पुटपुटते, आणि जिन्याच्या वरच्या बाजूने लिझी हसते. निदान ब्रिजेटने कोर्टात तसं सांगितलं. अँड्र्यूंच्या हातात कागदात गुंडाळलेलं एक मोडकं कुलूप आहे. मरणाच्या दिवशीही या माणसाने भंगार घरी आणलं. लिझी त्यांना सांगते, कुणी आजारी असल्याची चिठ्ठी आली म्हणून मिसेस बोर्डन बाहेर गेल्या. ती चिठ्ठी पुढे कुणालाच सापडली नाही.

'मिसेस बोर्डन' हा शब्द ऐकलात? काही वर्षांपूर्वीपर्यंत लिझी तिला आई म्हणायची. मग अँड्र्यूंनी ॲबीच्या सावत्र बहिणीसाठी एका घराचा हिस्सा विकत घेतला, मुली बिथरल्या आणि ते संबोधन संपलं.

अँड्र्यू शेजारच्या बैठकीच्या खोलीत सोफ्यावर आडवे होतात, कोटाची घडी करून डोक्याखाली घेतात. लिझी याच टेबलावर छोटी फळी ठेवून रुमालांना इस्त्री करायला लागते. तुमच्या ताटलीच्या जागी. ती ब्रिजेटला सांगते, गावात एका दुकानात कापड आठ सेंट वाराने निघालंय, जाऊन बघ. ब्रिजेट दमली आहे. ती माडीवरच्या आपल्या खोलीत जाऊन पडते आणि तिला सिटी हॉलच्या घड्याळाचे अकरा टोले ऐकू येतात. दहा-पंधरा मिनिटांत खालून हाक येते: मॅगी, खाली ये. कुणीतरी आत येऊन वडिलांना मारून गेलं.

नाव तेव्हाही चुकीचंच.

पुढचं भराभर घडतं. पोलिसांना निरोप जातो, पण खात्यातले बरेच शिपाई वार्षिक सहलीसाठी रॉकी पॉइंटला गेलेत. शेजारच्या मिसेस चर्चिल येतात. त्या ब्रिजेटबरोबर जिना चढतात आणि अर्ध्यावरून पलंगाखालून पलीकडे ॲबी पडलेली दिसते. लिझी म्हणते, मी कोठारात होते, मासेमारीच्या गळासाठी शिसं शोधत. मामा परत येतात आणि आधी मागच्या झाडाखाली थांबून पेर खातात. ते पेर त्यांना पुढे फार महागात पडले. घरात दोन मृतदेह असताना माणूस फळं कशी खातो, म्हणून लोकांनी त्यांच्यावरही संशय घेतला. तुम्ही आत्ता काय खाताय?

दुपारी डॉक्टर दोघांची जठरं काढून बरण्यांत बंद करतात. बरोबर दुधाचे नमुनेही जातात, हार्वर्डच्या प्राध्यापक एडवर्ड वूड यांच्याकडे. रात्री दोन्ही देह याच डायनिंग रूममध्ये ठेवलेले असतात. वूड यांना विष सापडत नाही. सापडते ती न्याहारी. अँड्र्यूंच्या पोटातलं अन्न बरंच पुढे गेलेलं, ॲबीच्या पोटातलं नाही. दोघं एकाच वेळी जेवायला बसली असतील, तर ॲबी तास-दीड तास आधी गेली. तुमच्या ताटातलं हे धिरडं कोर्टात घड्याळ म्हणून वापरलं गेलं आहे.

त्या दीड तासाची किंमतही होती. अँड्र्यू आधी गेले असते, तर विधवा म्हणून ॲबीला वाटा मिळाला असता आणि तिच्यामागे तो तिच्या माहेरी गेला असता. ती आधी गेली, म्हणून सगळं दोन्ही मुलींचं झालं.

बाकीचं तुम्हाला टेबलावरची मंडळी सांगतीलच. रविवारी लिझीने एक झगा चुलीत जाळला. खुनांच्या आदल्या दिवशी तिने प्रुसिक ॲसिड हे विष मागितलं होतं असं औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, पण ती साक्ष खटल्यात घेतली गेली नाही. तळघरात दांडा मोडलेली कुऱ्हाड मिळाली, तिच्यावर रक्त सिद्ध झालं नाही. जून १८९३ मध्ये न्यू बेडफर्डला खटला चालला. बारा पुरुषांच्या ज्युरीने २० जूनला, दीड तासाच्या आत, लिझीला निर्दोष ठरवलं. नंतर दुसऱ्या कुणावर खटला झाला नाही. बहिणींनी उच्चभ्रू वस्तीत मोठं घर घेतलं. लिझी १९२७ मध्ये त्याच गावात वारली.

आता एकेक वस्तू परत आणा. बटणं, नळ, फोन. समोरचं जोडपं बसलंय तसंच. 'तिनेच केलं', 'नाही हो, मामाने', अशी मतं पडताहेत. इथल्या दुकानात मान डोलावणाऱ्या लिझीच्या बाहुल्या मिळतात. बिस्किटं कुऱ्हाडीच्या आकाराची मिळतात. दोरीवरच्या उड्यांचं एक गाणं तर अमेरिकेतल्या पोरींनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलंय. त्यात आईला ४० घाव आणि बापाला ४१. प्रत्यक्षात ॲबीवर १८-१९ आणि अँड्र्यूंवर १०-११. गाण्याने घाव दुपटीहून वाढवले आणि सावत्रपण काढून टाकलं. लिझीने त्याच दिवशी पोलिसाला बजावलं होतं, ती माझी आई नाही.

अशा जेवणाला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. गेलेल्याच्या नावाने पानं मांडणं आपल्याला काही नवं नाही. दहाव्याला आपणही जमतो, आणि मेलेल्या माणसाबद्दल तिथे जे बोललं जातं तेही दर वेळी भलं नसतं. फरक एवढाच की आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत पंगत अडते. मेलेल्याची काय इच्छा राहिली, ते विचारावं लागतं. उन्हात उभं राहून, काही वेळा तासभर. फॉल रिव्हरच्या या टेबलावर खुनी कोण, हे सगळे विचारतात. ॲबीची काय इच्छा राहिली असेल, हे कुणी विचारत नाही. तिची तक्रार मात्र नोंदलेली आहे. मला भीती वाटते, एवढंच तिने डॉक्टरांना सांगितलं होतं.

आणि जिने हे सगळं रांधलं, ती? ब्रिजेट त्या घरातून निघाली. शेवटी दूर मोंटानात स्थायिक झाली, तिथेच लग्न केलं आणि १९४८ मध्ये वारली. त्या घरात काम करून गेलेल्या खऱ्या मॅगीबद्दल तर या टेबलावर कुणी चकार शब्द काढत नाही.

तुमचा जॉनीकेक गार झालाय. खा, पैसे दिलेत. पण ताटाबाहेर एक घास काढून ठेवा आणि मनात नाव पूर्ण घ्या: ॲबी ड्युरफी बोर्डन. उशांना अभ्रे घालायला ती वर गेली, ती परत खाली उतरली नाही.