मादक पदार्थांची अवरक्त वर्णपटीय ओळख

जप्त केलेल्या पुडीत वा गोळीत कोणता मादक पदार्थ आहे, हे त्याने केलेल्या अवरक्त प्रारणाच्या निवडक शोषणावरून ठरविण्याची न्यायसहायक विज्ञानातील पद्धत. रेणूतील बंध ठराविक कंप्रतांनी कंप पावतात व त्याच कंप्रतांचे प्रारण शोषून घेतात. सु. २·५ ते २५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पल्ल्यात मिळणारा शोषणाचा आलेख संयुगागणिक इतका वेगळा असतो, की त्याला बोटाच्या ठशाची उपमा देतात.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारण शोधून काढले. कॉब्लेंट्झ यांनी १९०५ मध्ये अनेक संयुगांचे वर्णपट प्रसिद्ध केले. परंतु एकेक वर्णपट बिंदूबिंदूने मोजावा लागे. त्यामुळे प्रयोगशाळांची भिस्त मार्क्विस विक्रियाकारकासारख्या (१८९६) रंगपरीक्षांवर राहिली. निरनिराळे पदार्थ सारखाच रंग देऊ शकत असल्याने अशा परीक्षेने संशय बळावतो, ओळख पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर व इंधने यांच्या विश्लेषणाच्या गरजेतून अमेरिकेत तयार वर्णपटमापक मिळू लागले. कूली व ट्यूकी यांच्या १९६५ मधील गणनपद्धतीमुळे व्यतिकरणमापकावर आधारलेली जलद उपकरणे व्यवहारात आली. पुढे हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूटभर पूड दाबून वर्णपट घेता येऊ लागला. यात नमुना नष्ट होत नसल्याने त्याची फेरतपासणी करता येते.

या पद्धतीचे महत्त्व कोकेनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्याने कोकेनाच्या क्षारक रूपाच्या ५ ग्रॅ.ला तीच किमान ५ वर्षांची शिक्षा ठरविली, जी पूडरूप हायड्रोक्लोराइड लवणाच्या ५०० ग्रॅ.ला होती. २०१० मध्ये ही ५ ग्रॅ.ची मर्यादा २८ ग्रॅ. करण्यात आली. वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांच्या संयुक्त परीक्षेत तापविताना लवणातून क्षारक मोकळे होते आणि दोन्ही रूपांची नोंद सारखीच उमटते. अवरक्त वर्णपटात मात्र लवणातील नायट्रोजनाला जोडलेल्या प्रोटॉनामुळे एक रुंद शोषणपट्ट दिसतो. क्षारकात तो नसतो. आरोपीच्या शिक्षेची वर्षे अशा एका पट्टावर अवलंबून राहू शकतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मिश्रणातील घटकांचे आलेख एकमेकांवर पडतात. त्यामुळे हेरॉइनातील अत्यल्प फेंटानिल भेसळीच्या शर्करांआड दडू शकते. मेथॅम्फेटामिनाचे दोन प्रकाशीय समघटक शरीरावरील परिणामांत भिन्न असले, तरी त्यांचे अवरक्त वर्णपट सारखेच असतात. याकरिता अमेरिकेत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक कार्यगटाने ही पद्धत सर्वाधिक विभेदक्षम गटात घातली, तरी तिच्या जोडीला दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीचा पुरावा आवश्यक मानला.