संगणक कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवतो?

शहापूर वा मुरबाड तालुक्यात जमीन घेऊ पाहणाऱ्या शहरवासीयाला कधी कधी एक पेच पडतो. सातबारावरील क्षेत्र एक आणि मोजणीच्या नकाशातील दुसरे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी समजली जाते. संगणक सुरू होतानाही असाच पेच उद्भवू शकतो. मात्र तेथे सुनावणीची तारीख मिळत नाही.

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. तो जागा होतो तेव्हा यंत्रात काय बसवले आहे, हे त्याला ठाऊक नसते. पीसीआय वा यूएसबीवरील उपकरणे विचारल्यावर आपली ओळख सांगतात. परंतु इंटरप्ट कंट्रोलर, सीरियल पोर्ट यांसारखे अनेक भाग मुके असतात. त्यांचे पत्ते फर्मवेअरच पुरवते. पत्ता चुकला तर यंत्र जागीच गोठते.

हे वर्णन करण्याच्या दोन परंपरा आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. ‘डिव्हाइस ट्री’ ही दुसरी पद्धत सन कंपनीच्या संगणकांवर रुळलेल्या ओपन फर्मवेअरमधून आली. डिव्हाइस ट्री म्हणजे निव्वळ यादी. घड्याळे व विद्युतदाब कर्नेल स्वतः सांभाळतो. एसीपीआयच्या तक्त्यांत मात्र छोटे प्रोग्रामही असतात आणि असा बराच कारभार त्यांच्यामार्फत फर्मवेअरच्या हाती राहतो. अर्धे येथून, अर्धे तेथून घेतले तर एकाच नियंत्रकाला दोन धनी होतील. म्हणूनच ६४ बिटी एआरएम प्रोसेसरवरील लिनक्स एका वेळी एकच वर्णन स्वीकारतो.

निवडीचा नियम सरळ आहे. डिव्हाइस ट्री भरलेली असेल तर तिला पहिला मान. ती रिकामी असेल तर एसीपीआय. ‘रिकामी’ हा शब्द येथे जरा सैल आहे. यूईएफआयवरून सुरू होताना कर्नेलचाच प्रारंभिक भाग निरोप पोहोचवण्यापुरती एक नाममात्र ट्री तयार करतो, तिला वर्णन म्हणून मोजत नाहीत.

इंटेल घराण्याच्या संगणकांवर तंटा वेगळा असतो. अनेक प्रोसेसरांची माहिती जुन्या एमपी तक्त्यातही असते आणि एसीपीआयच्या तक्त्यातही. तेथे लिनक्स एसीपीआयला प्राधान्य देतो. अमुक मॉडेलच्या सदोष फर्मवेअरवर विसंबू नये, अशा अपवादांच्या याद्याही कर्नेलमध्ये साठलेल्या आहेत; उत्पादकांच्या निष्काळजीपणाची ती बोलकी वही आहे.

यंत्रचालकाला हा क्रम बदलता येतो. एआरएमवर आरंभीच्या आज्ञेत ‘एसीपीआय=ऑन’ लिहिल्यास दोन्ही वर्णने असताना एसीपीआय निवडले जाते; त्याचे तक्ते सदोष निघाले तर कर्नेल डिव्हाइस ट्रीकडे वळतो. ‘एसीपीआय=फोर्स’ लिहिल्यास मात्र परतीची वाट उरत नाही. तक्ते बिघडलेले असले तरी कर्नेल डिव्हाइस ट्री वाचत नाही आणि यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते.