दांडा नसलेला पंप आणि मृत्यूची नोंदवही

लंडनच्या सोहो भागात ब्रॉडविक स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. पूर्वी त्याला ब्रॉड स्ट्रीट म्हणत. तिथे रस्त्याच्या कडेला जुन्या हातपंपाची एक प्रतिकृती उभी आहे आणि तिला दांडा नाही. मुद्दामच बसवलेला नाही. या पंपाची गोष्ट आता जगभर भूगोलाच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगतात. १८५४ साली इथे कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांच्या घरांवर नकाशात खुणा केल्या, त्या पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या, त्याने पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली.

गोष्ट छान आहे, पण तारखा लावून वाचली तर क्रम उलटा निघतो. दांडा काढला ८ सप्टेंबर १८५४ रोजी. नकाशा लोकांसमोर आला तो त्यानंतर काही महिन्यांनी, आणि पुस्तकात छापला गेला १८५५ मध्ये. म्हणजे दांडा नकाशामुळे निघाला नाही. तो निघाला सरकारी दप्तरातून मागून घेतलेल्या एका यादीमुळे. माझी निम्मी हयात सरकारी टेबलामागे नोंदी करण्यात गेली आहे, त्यामुळे मला नकाशापेक्षा त्या यादीचेच कौतुक जास्त वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

त्या काळी लंडनची वस्ती चोवीस लाखांच्या आसपास होती. घराखाली शौचाचे खड्डे, रस्त्यावर सार्वजनिक पंप, आणि उरलेली सगळी घाण थेम्स नदीत. कॉलरा दूषित हवेने, दुर्गंधीने होतो अशी बहुतेक डॉक्टरांची आणि सरकारचीही पक्की समजूत होती. मात्र एक गोष्ट त्या सरकारने फार चांगली केली होती. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नागरी नोंदणी सुरू झाली. मृत्यूच्या नोंदीत दिवस, वय, व्यवसाय, पत्ता आणि मृत्यूचे कारण लिहिले जाई. या कचेरीत आकडे जुळवायचे काम विल्यम फार नावाच्या माणसाकडे होते. तो नुसते आकडे जुळवून थांबला नाही. लंडनमधल्या मृत्यूंचे पत्रक दर आठवड्याला छापून निघू लागले. ते कुणीही घ्यावे, कुणीही वाचावे. वर्तमानपत्रे त्यातले उतारे छापत. कपाटात पडून राहण्यासाठी ती नोंद नव्हती.

स्नो हा यॉर्कमधल्या एका मजुराचा मुलगा. पुढे भूल देण्याच्या शास्त्रात त्याने नाव कमावले, १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात तिला क्लोरोफॉर्म देणारा हाच. कॉलरा पाण्यातून पोटात जातो असे त्याने १८४९ मध्येच एका पुस्तिकेत लिहिले होते. फारसे कुणी मनावर घेतले नाही.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास माणसे पटापट मरू लागली. स्नोच्या हिशेबाने अडीचशे यार्डांच्या टापूत दहा दिवसांत पाचशेहून जास्त. त्याला पंपाचा संशय आला. पाणी तपासून पाहिले, डोळ्यांना विशेष काही दिसेना. तेव्हा तो नोंदणी कचेरीत गेला आणि २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात त्या भागात कॉलऱ्याने झालेल्या मृत्यूंची यादी मागितली. ८९ मृत्यू निघाले. त्यांतले ८३ आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांतले. जवळजवळ सगळे पत्ते पंपापासून हाकेच्या अंतरावरचे.

इथवर कुणीही आला असता. स्नोचे मोठेपण पुढे आहे. दुसऱ्या एखाद्या पंपाला अधिक जवळ असलेली फक्त दहा घरे यादीत होती. आपल्या मताला न जुळणारे दहा पत्ते बाजूला सारणे किती सोपे होते! तो नेमका त्याच घरांच्या पायऱ्या चढला. पाच घरांनी सांगितले की आमच्याकडे पाणी ब्रॉड स्ट्रीटवरूनच येते, त्याची चव चांगली. तीन घरांतली मेलेली मुले ब्रॉड स्ट्रीटजवळच्या शाळेत जात होती. आपल्याकडे पूर्वी नव्हते का, दारात बांय असली तरी अमुक बांयचे पाणी चहाला बरे म्हणून पोरांना कळशी देऊन लांब पिटाळायचे? तसेच हे.

मग त्याने उलट बाजूने शोध घेतला: पंपाला लागून असूनही कोण मेले नाही? जवळच गरिबांचे एक कामघर होते, ५३५ माणसे राहत होती, कॉलऱ्याने गेली पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता, सत्तरहून अधिक कामगार, एकही दगावला नाही. ते कारखान्यातली बिअर पीत, पंपाकडे फिरकतच नसत. आणि काही मैलांवरच्या हॅम्पस्टेडमध्ये, जिथे साथ नव्हतीच, एक म्हातारी विधवा मेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायची. तिथल्या पाण्याची तिला इतकी सवय की तिचे मुलगे रोज गाडीतून एक बाटली पाठवत.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो त्या पॅरिशच्या कारभाऱ्यांपुढे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. साथ मात्र तोवर ओसरू लागली होती. सर्वाधिक फटका बसलेल्या रस्त्यांवरून तीनचतुर्थांशाहून जास्त लोक सहा दिवसांत पळून गेले होते. दांडा काढण्याआधीच मृत्यू कमी झाले होते, हे स्नोने स्वतःच लिहून ठेवले आहे.

आता नकाशाविषयी. त्या साथीचा नकाशा एकट्या स्नोने काढला असे नाही. गटार खात्याच्या एका अभियंत्याने त्याच सप्टेंबरात त्याच मृत्यूंच्या खुणा नकाशावर केल्या होत्या. लोकांची तक्रार नव्या गटारांच्या वासाविषयी होती, त्यामुळे त्याचा प्रश्नही तेवढाच होता: गटारांचा आणि मृत्यूंचा संबंध आहे का? नाही, असे उत्तर निघाले आणि विषय मिटला. मृत्यू तेच, रस्ते तेच. आजकाल संगणकावर कुणीही नकाशावर ठिपके पेरू शकतो, ही बरी गोष्ट आहे. पण ठिपके आपण विचारू तेवढेच सांगतात. स्नोने पुढे आपल्या नकाशात एक रेघ वाढवली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि इतर पंप चालत जायला सारख्याच अंतरावर पडतील अशी ठिकाणे जोडणारी. सरळ मोजलेले अंतर नव्हे, गल्लीबोळांतून पायी जायचे अंतर. पाणी भरणारी बाई पक्ष्यासारखी उडत जात नाही, हे त्याला समजले होते. शहर कळण्याची सुरुवात मला या रेघेत दिसते.

तरीही पंपात विष आले कुठून, हे कोडे उरलेच. ते सोडवले हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्याच एका तरुण पाद्रीने. हा गृहस्थ स्नोला खोटे ठरवायला निघाला होता. वस्तीतले घर अन् घर त्याच्या ओळखीचे. लोक त्याच्याशी बोलत, आणि जितके बोलत तितका स्नो खरा ठरत गेला. १८५५ मध्ये मृत्यूच्या नोंदी चाळताना त्याची नजर एका ओळीवर थांबली. ४० ब्रॉड स्ट्रीट, २ सप्टेंबर, पाच महिन्यांची मुलगी, मृत्यूपूर्वी चार दिवस जुलाब. कारणाच्या रकान्यात कॉलरा नव्हता म्हणून ही ओळ कुणाच्या यादीत आली नव्हती. जुलाब सुरू झाले ते साथ उसळण्याच्या आधी. आणि ४० नंबरचे घर पंपाच्या अगदी समोर. बाळाच्या आईने सांगितले, दुपटी धुतलेले पाणी मी घरापुढच्या खड्ड्यात ओतत होते. जमीन उकरली तेव्हा खड्ड्याच्या विटा निखळलेल्या निघाल्या. विहिरीपासूनचे अंतर तीन फूटही नव्हते. बाळाचे वडील पोलीस शिपाई होते. ते आजारी पडले ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा निघाला त्याच दिवशी, आणि १९ तारखेला गेले. त्यांच्या आजारपणातले पाणीही त्याच खड्ड्यात गेले असणार. दांडा काढून काय साधले याचे उत्तर इथे आहे.

ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली त्याला यातले काहीच माहीत नव्हते. घरक्रमांक नीट लिहिला, चार दिवस हे चार दिवस म्हणून लिहिले, एवढेच त्याचे काम.

आणि फारसाहेबांचे काय? ते स्वतः हवेच्या बाजूचे होते. जितकी वस्ती सखल तितके मृत्यू जास्त, असे त्यांनी १८५२ मध्ये आकड्यांनिशी दाखवले होते. आकडे खोटे नव्हते. सखल भागातले लोक नदीचे सर्वांत घाण पाणी पीत होते, एवढेच त्यात दिसत नव्हते. पण स्नो दक्षिण लंडनमध्ये दोन पाणी कंपन्यांची तुलना करू लागला तेव्हा, कॉलऱ्याने मेलेल्याच्या घरात कुठल्या कंपनीचे पाणी येते तेही लिहा, असे याच फारने आपल्या निबंधकांना सांगितले. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या वरच्या अंगाचे पाणी घेत होती, साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी बॅटर्सीचे, गटारे मिसळलेले. पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे मृत्यू एकीकडे ३७, दुसरीकडे ३१५. स्नो १८५८ मध्ये वारला, वय ४५. १८६६ ची साथ पूर्व लंडनच्या पाणी कंपनीमुळे आली हे ठणकावून सांगणारा माणूस विल्यम फारच होता. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारे आकडेही त्याने उघड्यावर ठेवले होते, म्हणून हे घडले.

या आजाराशी आपले गोव्याचे नाते फार जुने. गार्सिया द ऑर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे आणि स्थानिक नाव दिले आहे, मोर्शी. म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचे मोर्देशीं केले. त्याआधी १५४३ मध्ये जुन्या गोव्यात मोडशीची मोठी साथ आली होती. गास्पार कोरेयाने लिहिले आहे की दिवसाला बारा, पंधरा, वीस प्रेते निघू लागली तेव्हा लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने इगर्जींच्या घंटा वाजवायला बंदी केली. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. घंटा ही त्या शहराची मृत्युनोंदच होती. कुठल्या इगर्जीची घंटा जास्त वाजते यावरून कुठल्या वाड्यावर मरण जास्त आले ते कानांना कळत होते. तीच बंद झाली. (त्याच गव्हर्नरने एका मृताचे शवविच्छेदनही करवले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.) पुढे साथींमागून साथी आल्या, व्यापारही गेला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. ओल्ड गोव्यात उरल्या त्या इगर्जी.

नागरी नोंदणी आपल्याकडे १९१४ पासून आहे. हल्ली त्या जुन्या नोंदी शोधणारे पुष्कळ आहेत, पण ते पोर्तुगीज पासपोर्टसाठी. कुठल्या वाड्यावर कुठल्या साली काय झाले, हे विचारायला कुणी येत नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये कोविडचे सरकारी पत्रक रोज संध्याकाळी यायचे आणि आपण सगळेच त्याची वाट पाहायचो. मडगाव, फोंडा, पर्वरी, कांदोळी अशी आरोग्य केंद्रांची नावे आणि पुढे रुग्णांचा आकडा. रोज न चुकता येत होते, हे थोडे नव्हे. पण एका केंद्राखाली कितीतरी गावे आणि वाडे येतात. नावे जाहीर होऊ नयेत हे बरोबरच, स्नोनेही पुस्तकात त्या मृतांची नावे छापली नाहीत. मात्र नाव झाकून वाडा किंवा प्रभाग सांगता आला असता. १८५४ मध्ये स्नोच्या हाती आपल्यासारखे पत्रक पडले असते, तर त्यात एवढेच असते: गोल्डन स्क्वेअर आणि शेजारचा भाग, ८९.